शेवटच्या प्रकरणातला आलेख

हेडफोन लावून काचेपलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याचा उजवा कान मी तपासत होते, तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. तपासणी चालू असताना मी फोन बघत नाही. त्या दिवशी बघितला. बाबांच्या चरित्रकाराचा निरोप होता : 'पुस्तक छापखान्यात चाललं. या वेळी खरंच. शेवटच्या प्रकरणात तू काढलेला बाबांचा ऑडिओग्राम पूर्ण पानभर घेतोय. एकदा नजर टाकून जा. आज जमेल?' ऑडिओग्राम म्हणजे किती ऐकू येतं ते दाखवणारा कानांचा आलेख. मी निरोप दोनदा वाचला. तेवढ्यात माझ्यासमोरच्या यंत्रावरचा दिवा लागला. सूर ऐकू आला की दाबायचं हातातलं बटण शिंप्याने दाबलं होतं. मी टोन दिलाच नव्हता. माझं बोट स्विचवर नुसतं टेकलेलं होतं, आणि तो मान किंचित तिरकी करून, न आलेला आवाज ऐकल्याबद्दल माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होता.

असं होतं. कान तपासायला आलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो आणि त्याला पास व्हायचं असतं. म्हणूनच टोन कधी ठरावीक अंतराने द्यायचा नाही. दोन सेकंद थांबा, मग एक, मग पाच. एवढा वेळ जाऊ द्या की समोरच्याला वाटावं, या बाई आपल्याला विसरल्या. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे आणि नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना तो मीच देते. शिंप्याची तपासणी मी पहिल्यापासून पुन्हा केली. उजव्या कानाचं लाल वर्तुळ, डाव्याची निळी फुली, ऐकू कमी आलं तर खूण खाली. रेघ चार हजार हर्ट्झपाशी, वरच्या सुरांत, खाली घसरली, अशा वयात घसरते तशी. 'चांगलं आहे ना?' त्याने बाहेर येऊन विचारलं. मी म्हटलं, 'वयाच्या मानानं चांगलं आहे. पण यंत्र लागेल.' त्याचा चेहरा पडला. मी हे वाक्य दिवसातून सहा वेळा म्हणते आणि सहाही वेळा चेहरा पडतो. एका माणसाला मात्र मी ते कधी म्हटलं नाही.

'या वेळी खरंच' या तीन शब्दांवर पूर्वी मी हसले असते. घरात पुस्तक हा विनोदाचा विषय होता. चरित्रकार पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा मी कॉलेजात होते. विमा कंपनीतला कारकून, हातात वही, बोटांना शाई, बाबांची सगळी ध्वनिमुद्रणं तोंडपाठ. बाबा टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. बँडमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, टेनरच म्हणत. घरी फोन आला तरी 'टेनर आहे का?' असंच विचारत. या माणसाने मात्र त्यांना 'साहेब' म्हटलं आणि बाबा तिथेच विरघळले. पुस्तक वर्षात येणार होतं. ते एकोणीस वर्षं येत राहिलं. एक प्रकाशक बुडाला, दुसऱ्याला जाझ म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, आणि मधल्या काळात चरित्रकार एका हॉटेलात बाबांनी पहिल्यांदा वाजवलं तो वार बुधवार होता की गुरुवार हे शोधत राहिला. हॉटेल पाडलेलं, मालक मेलेला, तरी त्याने बँडला कपडे पुरवणाऱ्या धोब्याची जुनी पावती मिळवली आणि बुधवार सिद्ध केला. 'बुधवारी वाजवलं काय, गुरुवारी वाजवलं काय, सूर तेच ना!' बाबा म्हणायचे, पण आतून त्यांना ते आवडायचं. आई म्हणायची, 'चरित्र येईपर्यंत चारित्र्य सांभाळा म्हणजे झालं.' बँडमधले बेसवाले काका टकलावर हात फिरवत म्हणायचे, 'पुस्तक आणि माझे केस, दोन्ही आता उगवायचे नाहीत.' कुणाचाही विश्वास नव्हता आणि प्रत्येक जण आपल्यावर किती पानं आहेत ते आडून विचारून घ्यायचा. बाबा गेल्यावर मला वाटलं होतं, सुटलो, आता ते येत नाही. ज्याच्यासाठी यायचं तोच राहिला नाही. हे मला हवं होतं असं मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

दुपारनंतरच्या तीन रुग्णांच्या वेळा मी पुढे ढकलल्या आणि निघाले. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. समोरची बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती, 'अगं, काचेचीच बरणी, प्लास्टिकची नको,' आणि मी तिच्या बोलण्यातले 'स' आणि 'च' मोजत होते. ही सवय आठ महिन्यांची, बाबा गेल्यापासूनची. ही वरच्या पट्टीची व्यंजनं आहेत, आधी तीच जातात. बाबा गेले ते ज्या सभागृहात वाजवायचे त्याच्या मागच्या गल्लीत, भर दुपारी, गाडीखाली. सामान उतरवणारी गाडी मागे येत होती. चालक पोलिसांना हात जोडून सांगत होता, 'साहेब, गाडी पीं पीं करत होती हो, सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.' सगळे म्हणाले, कलावंत माणूस, तंद्रीत असणार. मीही म्हटलं, तंद्रीत असणार. तेराव्या दिवसानंतर मी कामावर गेले, जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि चार वर्षांपूर्वीचा त्यांचा आलेख काढून बघितला. सुंदर आलेख. लाल वर्तुळं आणि निळ्या फुल्या हातात हात घालून फिरायला निघाल्यासारख्या, जवळजवळ सरळ, शेवटी जराशी उतरण. अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली चाळीस वर्षं ड्रमच्या झांजेपासून हातभर अंतरावर बसलेला. त्याच्या आलेखात चार हजारांपाशी खड्डा हवा. परक्या माणसाचा असता तर मी तो कागद फाडून तपासणी पुन्हा घेतली असती. बापाचा होता म्हणून मला आनंद झाला होता. नंतर एकदा बाजारात मागे येणाऱ्या तसल्या गाडीपाशी उभी राहून मी तिचा आवाज यंत्राने मोजला. अडीच-तीन हजारांच्या आसपास भरला, म्हणजे त्या खड्ड्याच्या उतारावरच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि तरी हा संशयच होता. काही कान असतात तसे, फार थोडे, पण असतात. मी रोज रात्री त्या थोड्यांत बाबांना नेऊन बसवायची आणि सकाळी ते तिथून उठून गेलेले असायचे.

ते कान तपासून घ्यायला आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो, म्हणजे मला वाटत होतं की आठवतो. त्यांचा जुना पियानोवाला, ज्याच्याशी त्यांचं कशावरून तरी फाटलं होतं, एका मुलाखतीत बोलून गेला होता : 'टेनर आता ऐकून वाजवत नाही, आठवून वाजवतो. कान गेलेत त्याचे.' आठवडाभर बाबा घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका दुपारी न सांगता माझ्याकडे आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, 'बघ माझे कान. आणि कागद दे. सहीशिक्क्याचा दे.' नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते. मी म्हटलं, 'दुसऱ्या बाईंकडे पाठवते.' ते म्हणाले, 'का? बापाचे कान धरायची संधी परत मिळणार नाही.' मी हसले आणि दार लावलं. दोन रुग्णांच्या मध्ये अर्धा तास होता. ऐकवलेले शब्द परत म्हणायला लावायची चाचणी मी वगळली. ते तर माझ्याशी समोरासमोर उत्तम बोलत होते. काचेपलीकडे त्यांनी डोळे मिटले. मला ते तसेच लक्षात आहेत, डोळे मिटून, खांदे सैल, रंगमंचावर दुसऱ्या कुणाची पाळी चालू असताना बसायचे तसे. मी टोन देत गेले, दिवा लागत गेला. इतकं सुखाचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

चरित्रकाराच्या घरी कागदांना राहायला जागा होती आणि माणसाला उभं राहायला. दारात त्याने माझ्या हातातली छत्री घेतली, ठेवायला जागा न सापडून पुन्हा माझ्याच हातात दिली.

'बस. त्या खुर्चीवर नको, ते सत्तरीचं दशक आहे. इथे बस. चहा?'

'नको. आधी बघते.'

'तू पण तुझ्या आईसारखीच. त्यांनी गेल्या आठवड्यात मला काय विचारलं माहितीये? म्हणाल्या, पुस्तक आमच्या हयातीत की तुमच्या?' तो हसला आणि हसता हसता त्याने चष्मा पुसला. तो बारीक झाला होता. 'साहेबांच्या हयातीत यायला हवं होतं. मी बुधवार-गुरुवार करत बसलो. पण एक सांगतो, यात तपासून न घेतलेलं एक वाक्य नाही. तो पियानोवाला जे बरळला, त्याला मी चार ओळींत उत्तर दिलंय आणि शेजारी तुझा कागद. बास. कोण काय बोलेल?'

त्याने प्रुफांचा गठ्ठा पुढे केला. उजव्या पानावर माझा आलेख होता. खाली माझी सही, माझा शिक्का, नोंदणी क्रमांक. छपाईत तो आणखी सुंदर दिसत होता. डावीकडे मजकूर होता : अफवा, मुलाखत, आणि मग, 'त्यांची कन्या स्वतः श्रवणतज्ज्ञ. तिने केलेल्या तपासणीत अडुसष्टाव्या वर्षीही त्यांचे दोन्ही कान निर्दोष आढळले.' त्याखाली बाबांचं बोलणं जसंच्या तसं, कारण चरित्रकाराने ते टेपवर घेतलं होतं : 'मुलीची लय काय पक्की आहे म्हणून सांगू! मी डोळे मिटून बसलो होतो. पुढचा सूर कधी येणार ते मला आधी कळत होतं. बापलेकीनं अर्धा तास मिळून वाजवलं म्हणा ना. मधले काही मी सोडून दिले. सगळेच घ्यायचे नसतात.' आणि पुढे चरित्रकार लिहीत होता की या शेवटच्या वाक्यात त्यांच्या उत्तरकालीन वादनाचं सारं मर्म आलं आहे.

मी ते वाचलं. पानाच्या कडेला शाईचा एक अंगठा उमटला होता, त्याकडे बघत राहिले. माझी लय पक्की होती. अर्ध्या तासात संपवायचं म्हणून, आनंदात होते म्हणून, समोर ते होते म्हणून, मी एकसारख्या अंतराने टोन दिले होते, एक दोन तीन आणि टोन, एक दोन तीन आणि टोन. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाळ्यांत आपली सम मोजली तो त्या खोलीत बसून मोजत होता. खालचे सूर त्यांना खरे ऐकू आले असणार, त्यांवरून त्यांनी ताल धरला. वरचे आले नाहीत तिथे ते मोजून दाबत राहिले, आणि संशय येऊ नये म्हणून मधले काही सोडले. वाचणाऱ्याला हे कौतुक वाटेल. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतील. माझ्या धंद्यातल्या कुणी वाचलं तर तो पान उलटायच्या आधी थांबेल, पण असे किती लोक जाझवाल्याचं चरित्र वाचतात? दहा? त्यातले आठ मला ओळखतात आणि गप्प बसतील. मी 'छान झालंय' म्हटलं तर पुढच्या महिन्यात पुस्तक येणार होतं. पियानोवाला खोटा ठरणार होता, बाबा खरे, आणि मी एका कुशल, लयदार मुलीच्या रूपात कायमची छापली जाणार होते, त्या गल्लीपासून कितीतरी दूर. ते इतकं सोपं होतं की मला भीती वाटली.

'काय, क्रमांक चुकलाय का?' चरित्रकाराने विचारलं.

'क्रमांक बरोबर आहे,' मी म्हटलं. 'आलेख खोटा आहे.'

मी सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, त्याचं मला नवल वाटलं. आठ महिने जे गळ्याशी होतं ते बाहेर काढलं तर एवढंसं होतं. टोन, अंतर, मोजणं, चार हजारांचा खड्डा. मग गाडीचा पीं पीं आवाज. तिथे माझं वाक्य अर्धंच राहिलं. चरित्रकार उठला, खिडकीपर्यंत गेला, गठ्ठे ओलांडत परत आला.

'हे तू मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं,' तो म्हणाला.

'हो.'

'मला कळलंच नसतं. एकोणीस वर्षं मी त्या माणसाचा शब्दन्‌शब्द पारखला, आणि त्यांनी टेपवर मला सरळ सांगून टाकलं तर मी त्याचं मर्म काढलं!' तो रागावला होता, पण कुणावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. 'म्हणजे पियानोवाला खरं बोलत होता.'

'अर्धं. ऐकून वाजवत नव्हते असं नाही. खालचं ऐकू येत होतं.'

'मग वरचं?'

'वरचं आठवून.'

त्याने पेन्सिल घेतली, आलेखाच्या पानावर आडवी धरली, पण ओढली नाही. 'हे काढून टाकतो. तपासणीचा उल्लेखच नको. तुझं नाव येणार नाही. अफवा होती, एवढंच लिहितो.'

मी म्हटलं, 'नको. आलेख राहू द्या. बोलणंही राहू द्या. खाली खरं काय ते द्या. कोणी चुकवलं तेही.'

'तुझ्या शिक्क्याखाली? लोक तुझ्याकडे कान दाखवायला येतात, पोरी.' मग त्याने पेन्सिल खाली ठेवली. 'आईंना हे ठाऊक आहे?'

'नाही.'

'आधी त्यांना सांग. छापखान्याला मी उद्या थांबवतो. मी थांबवलं तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही.'

आईकडे मी रोजच जाते. बाबा गेल्यापासून ती माझे आभार मानायला लागली आहे. मी औषधं नेली की 'थँक्यू गं', दिवा बदलून दिला की 'तुला उगाच त्रास'. आईने लेकीचे आभार मानायला लागावं म्हणजे काहीतरी संपलेलं असतं. मी ते दुःखाच्या खात्यावर टाकत होते. दुःखाने माणूस असा परका होतो असं पुष्कळ पुस्तकांत वाचलेलं आहे. कधी मला वाटायचं, तिला कळलंय. मग वाटायचं, कसं कळेल? तिला आलेखातलं ओ की ठो कळत नाही. मी जिने चढत होते आणि प्रत्येक पायरीवर सुरुवातीचं वाक्य बदलत होते.

ती जेवणाच्या टेबलाशी बसून बटणं निवडत होती, बाबांच्या शर्टांची, शर्ट देऊन टाकायच्या आधी काढून ठेवलेली. उजेड अजून होता. मी बसले आणि सरळ सांगितलं. मी अशी अशी तपासणी केली, अशी अशी चुकले, बाबांनी मोजून बटण दाबलं, त्यांना वरचं ऐकू येत नव्हतं, मी निर्दोष असं लिहून दिलं. गाडीचं नाव काढलं नाही. तिने बटणं निवडायची थांबवली होती.

'त्यांना ऐकू येत नव्हतं हे मला ठाऊक होतं,' ती म्हणाली. 'दारावरची बेल किती वर्षं ऐकू येत नव्हती. मी टेबलावर थाप मारून हाक मारायची.'

'मग मला बोलली का नाहीस?'

'बोलणारच होते. तेवढ्यात ते तुझा कागद घेऊन आले. सहीशिक्क्याचा. सगळ्यांना दाखवत होते.' तिने एक बटण उचललं, ठेवलं. 'मला वाटलं, तू त्यांच्यासाठी खोटं लिहून दिलंस. मला वाटलं, बापलेकीनं मिळून ठरवलंय. वाजवू दे म्हटलं आणखी चार वर्षं. मी कोण मध्ये पडणार?'

'आणि नंतर? हे आठ महिने?'

'नंतर काय बोलणार!' ती म्हणाली. 'तुला ठाऊक असून तू त्यांना रस्त्यावर सोडलंस, हे मी तुला तोंडाने विचारू का?'

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. मला माझा स्वतःचा आवाज लांबून आला. 'आई, मला ठाऊक नव्हतं. मला खरंच कळलं नाही.'

'शिकलेली तू. रोज हेच करतेस.'

'हो. तरी.'

चूक सांगितल्यावर माणसाचं तोंड कसं होईल याच्या मी वाटेत कितीतरी तऱ्हा मनात रंगवल्या होत्या, ही त्यांत नव्हती. तिचा चेहरा सैल झाला, एकदम म्हातारा झाला, आणि तिने टेबलावरून हात लांबवून माझं मनगट धरलं, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. 'फसवलं गं त्यांनी तुला,' ती म्हणाली. 'अगं, तुलासुद्धा फसवलं!' आणि मग आम्ही दोघी रडलो की हसलो ते मला सांगता येणार नाही. चरित्रकाराला मी ते सांगणारही नाही.

नंतर मी तिला पुस्तकातल्या आलेखाचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, पुस्तकात खरं ते येऊ दे, कुणी काही म्हणो. तुझ्याकडे येणारे थोडे कमी होतील, होऊ देत. मग तिने विचारलं, 'त्यांना माझं बोलणं तरी ऐकू यायचं का?'

याचं उत्तर मला माहीत होतं. मी म्हटलं, 'आवाज पोचत असणार. शब्द सगळे पोचत नसतील.'

तिने मान हलवली. 'मी विचारलं होतं त्यांना एकदा. बाहेर एकटे जाता, मागून गाडीबिडी आली तर ऐकू येते ना. चटकन हो म्हणाले.' बोटाखालचं बटण तिने पुढे सारलं, मागे घेतलं. 'मी काय विचारलं ते कळलं असेल का गं त्यांना?'

मी इतक्या लोकांना इतकी वर्षं लेखी उत्तरं दिली आहेत. 'माहीत नाही, आई,' मी म्हटलं.